रेंज ट्रेक मध्येच सोडायचा कसा: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

पहिल्या रेंज ट्रेकला, म्हणजे डोंगररांगेतून गड आणि गावं जोडत काही दिवस सलग चालायच्या ट्रेकला, निघालेली माणसं सॅकचं वजन विचारतात, बूट कुठले घ्यावेत ते विचारतात, वाटेत भाकरी कुठे मिळेल ते तर हमखास विचारतात. 'मध्येच सोडावा लागला तर उतरायचं कुठून?' हे मात्र कुणी विचारत नाही. कुणी विचारलंच, तर लग्नाच्या बैठकीत घटस्फोटाचा विषय काढल्यासारखे बाकीचे त्याच्याकडे बघतात.

गुडघा दुखतोय, पाणी संपत आलंय, ऊन डोक्यावर आलंय, हे कळत असूनही माणसं पुढे का रेटतात? नुसता हट्ट म्हणून नाही. 'पुढे जाणं' सोडलं तर त्यांच्या डोक्यात दुसरा एकच पर्याय असतो, 'घरी जाणं'. महिनाभर आधी मागितलेली रजा, मुश्किलीने जमवलेली मंडळी, आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी कल्याणच्या एसटीत बसून खिडकीबाहेर बघायचं! त्यापेक्षा दुखरा गुडघा बरा वाटतो. म्हणून घरून निघतानाच दोन गोष्टी तयार ठेवायच्या: उतरायची वाट, आणि उतरल्यानंतरचा बेत. पहिली बरेच जण ठेवतात. दुसरी जवळजवळ कुणीच ठेवत नाही.

उदाहरणासाठी अकोले तालुक्यातला एकच मार्ग घेऊ: रतनगड, कात्राबाईची खिंड, कुमशेत, पाचनई, हरिश्चंद्रगड. साधारण तीन-चार दिवसांची चाल. अनेकांचा पहिला रेंज ट्रेक हाच असतो, आणि त्यात मध्येच बाहेर पडायला बऱ्या जागा आहेत.

१. घरी बसून मार्गाचे तुकडे पाडा

नकाशा उघडा आणि प्रत्येक मुक्कामाऐवजी प्रत्येक डांबरी रस्ता शोधा. दोन रस्त्यांमधली चाल म्हणजे एक तुकडा.

पहिला तुकडा रतनवाडी ते रतनगडाचा माथा. इथे काही बिघडलं तर उत्तर सरळ आहे: आलात त्याच शिड्यांनी खाली रतनवाडीत. गडाच्या त्र्यंबक दरवाजातून साम्रदकडे उतरणारी वाट नकाशावर मोहक दिसते. पण ती पायाखालची नसेल, तर थकलेल्या माणसाला घेऊन तिथून उतरायला जाऊ नका.

दुसरा तुकडा सगळ्यात महत्त्वाचा. रतनवाडीहून गडाकडे चढताना जंगलात वाट फुटते. एक शिड्यांकडे जाते, दुसरी कात्राबाईच्या खिंडीकडे आणि पुढे कुमशेतला. या टप्प्यात मधे गाव नाही, रस्ता नाही. खिंड चढेपर्यंत तुमचं गाव रतनवाडी, खिंड ओलांडली की तुमचं गाव कुमशेत. म्हणजे परतायचं की नाही, हा प्रश्न विचारायची जागा खिंडच. तिथे नाही विचारला, तर पुढे दोन तासांनी विचारून उपयोग नसतो. तेव्हा पुढे आणि मागे दोन्ही सारखंच लांब झालेलं असतं.

तिसरा तुकडा कुमशेत ते पाचनई. हा सुखाचा भाग. वाड्या भेटतात, माणसं भेटतात, रस्ता फार लांब राहत नाही. आणि चौथा, पाचनईहून हरिश्चंद्रगड व तिथून तोलार खिंडीमार्गे खिरेश्वर. गडावर कुणी आजारी पडलं तर बेत खिरेश्वरला उतरायचा असला तरी पाचनईलाच परता. ती वाट जवळची आहे. तोलार खिंडीच्या बाजूला चाल लांब आहे, वर कातळटप्पा आहे. रेलिंग असलं तरी ताप आलेल्या माणसाला ते नकोच.

आता एक नियम, जो नवख्यांना उलटा वाटतो. सह्याद्रीत ट्रेक सोडायचा तो शक्यतो घाटमाथ्याच्या बाजूला, कोकणात नाही. नकाशावर कोकणातलं गाव बोटभर अंतरावर दिसतं, कारण ते सरळ खाली असतं! पश्चिमेकडे डोंगर एकदम तुटतो. हरिश्चंद्रगडाच्या पश्चिमेच्या कोकणकड्यावर उभं राहिलं की हे वेगळं सांगावं लागत नाही. कोकणातून हरिश्चंद्रगडावर येणारी नळीची वाट, नाळा (कड्यातल्या अरुंद घळी), घाटवाटा या सगळ्या उतरायच्या वाटा आहेत खऱ्या, पण त्या स्वतःच एकेक ट्रेक आहेत. पूर्वेकडे अकोले तालुक्याच्या बाजूला उतार सौम्य आणि गावं जवळ.

याच्याच जोडीचा दुसरा नियम: वाट चुकली असताना ओढा धरून खाली जाऊ नका. 'पाणी गावाकडेच जातं' हे मैदानात खरं. सह्याद्रीत ओढा कड्याच्या काठावर जातो आणि तिथून धबधबा होतो. दोन छोटे टप्पे उडी मारून उतरलात आणि तिसरा शंभर फुटांचा निघाला, की वरही जाता येत नाही आणि खालीही. वाट चुकली की शेवटच्या ओळखीच्या जागेपर्यंत मागे या. कंटाळवाणं आहे, पण तेच करा.

हे सगळं मोबाईलमध्ये ऑफलाइन ठेवाच, शिवाय एका कागदावर लिहा: तुकडा, उतरायचं गाव, त्या गावातला एखादा फोन नंबर, जवळचं मोठं गाव (इथे राजूर). महाराष्ट्रात गिर्यारोहकांचं एक बचाव समन्वय केंद्र आहे, 'महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर'. त्यांचा हेल्पलाइन नंबर निघण्याआधी शोधून त्याच कागदावर घाला. १०८ आणि ११२ पाठ असतातच, पण खिंडीत मोबाईलला रेंज असेल असं धरून चालू नका. कागदाची एक प्रत घरी राहू द्या.

२. अटी लिहा, आणि त्या आकड्यांत लिहा

'उशीर झाला तर परतू' ही अट नाही. उशीर म्हणजे किती, यावर खिंडीत वाद घालायला वेळ नसतो. 'दुपारी एकपर्यंत कात्राबाईच्या खिंडीत नसलो, तर रतनवाडीला परत' ही अट. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि दाट झाडीत त्याआधीच अंधारतं. खिंडीतून कुमशेत गाठायला लागणारा वेळ, त्यात वाट शोधण्याचा तास, असा उलटा हिशोब केला की हा आकडा मिळतो. पाठीवर सॅक असताना मी सह्याद्रीत तासाला दोन किलोमीटरच धरतो, आणि चढ असेल तर दर चारशे मीटर उंचीला आणखी एक तास. शहरात फिरताना घड्याळात दिसणारा वेग विसरा.

पाण्याची अट तशीच. फेब्रुवारीनंतर बरेच झरे आणि टाकी भरवशाची राहत नाहीत. माणशी एक लिटरच्या खाली पाणी आलं आणि पुढचं पाणी गावकऱ्याने सांगितलेलं नाही, तर पुढे जायचं नाही. 'ब्लॉगवर लिहिलंय' हे पाणी नव्हे. तो माणूस ऑक्टोबरात गेला असेल.

तिसरी अट शरीराची: सकाळी उठल्यावर कुणालाही ताप किंवा जुलाब असतील, तर त्या दिवशी फक्त रस्त्याच्या दिशेने चालायचं.

वेळेची अट पाळण्याची एक गोष्ट मला फार आवडते. योरान क्रॉप नावाचा स्वीडनचा गिर्यारोहक ऑक्टोबर १९९५ मध्ये स्टॉकहोमहून सायकलवर निघाला, एव्हरेस्टच्या पायथ्याशी पोहोचला आणि मे १९९६ मध्ये शिखर जेमतेम शंभर मीटर राहिलेलं असताना मागे फिरला. कारण? उशीर झाला होता, उतरताना अंधार झाला असता. हजारो किलोमीटर पायडल मारून आलेला माणूस! त्याच महिन्यात त्याने पुन्हा प्रयत्न केला आणि शिखर गाठलं. आपली खिंड तर कुठेच पळून जात नाही.

३. कंटाळा आहे की धोका, ते ओळखा

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळ्यांनाच ट्रेक सोडावासा वाटतो. पहिल्या दिवसाचा उत्साह ओसरलेला, खांदे सोललेले, आणि समोर चढ. या वाटण्यावर निर्णय घ्यायचा नाही. सावलीत बसा, बूट काढा, काहीतरी खारट खा, पाणी प्या, अर्धा तास जाऊ द्या. बऱ्याचदा भुकेलाच माणूस 'मला हे जमणार नाही' असं नाव देतो. चढावर उभ्याउभ्या ट्रेक सोडायचा निर्णय कधीच घेऊ नका. सोडायचा असेल तर तो जेवल्यावरही तितकाच सोडावासा वाटेल.

पण काही गोष्टींत अर्धा तास थांबायचं नाही. माणूस असंबद्ध बोलायला लागला, अंग तापलं, चाल अडखळली, म्हणजे उष्माघात. आधी सावली, अंगावर पाणी, वारा, आणि लगेच मदतीची धावाधाव. असं बोलणाऱ्या माणसाला जबरदस्तीने पाणी पाजू नका. साप चावला तर कापाकापी नाही, घट्ट आवळणं नाही, मंत्रतंत्र नाही. हातपाय स्थिर ठेवून, त्याला शक्य तितकं कमी चालवून, प्रतिविष मिळेल अशा रुग्णालयात. छातीत दुखणं, डोक्याला मार, विजांचा कडकडाट, आग्या मोहोळ उठणं, या सगळ्यात चर्चा नसते.

मधल्या गोष्टी अवघड असतात. टाचेवरचा फोड, चढावर न जाणवणारा पण उतारावर ओरडणारा गुडघा, रात्रभर न झालेली झोप. यासाठी मी एकच कसोटी लावतो: आज आहे त्यापेक्षा उद्या सकाळी हे बरं असेल का? फोड चालून बरा होत नाही. गुडघा तर नाहीच, आणि रेंज ट्रेकचा शेवट बहुधा मोठ्या उतारानेच होतो.

४. बोलायचं कसं

'चालेल ना?' असं विचारू नका. त्याचं उत्तर कायम 'चालेल' असंच येतं, विशेषतः ऑफिसातल्या मंडळींसमोर. 'अजून चार तास याच वजनासकट चालायचंय, आणि शेवटचा तास उतार आहे, जमेल का?' असं विचारा. आधी सगळ्यात नवख्याला विचारा, लीडरने शेवटी बोलावं. लीडर आधीच 'मला वाटतं होईल' म्हणाला, की पुढचे सगळे होयबा.

इथे मतदान नसतं. सहापैकी पाच जण ताजेतवाने असले तरी सहाव्याचा गुडघा बहुमताने बरा होत नाही. गट फोडायचा असेल तर तो रस्ता असलेल्या गावातच: कुमशेतमध्ये चालेल, खिंडीत नाही. आणि दुखावलेल्याला एकट्याला कधीच पाठवायचं नाही, किमान एक जण गाडीत बसेपर्यंत आणि पुढेही सोबत. उरलेल्यांत वाट माहीत असलेला कुणी नसेल, तर सगळेच खाली.

ज्याच्यामुळे ट्रेक थांबतोय त्याला त्या दिवशी चेष्टेतसुद्धा टोमणा मारू नका. पुढच्या वेळी तो दुखणं लपवेल, आणि तेव्हा त्याची किंमत सगळा गट मोजेल.

५. उतरताना

निर्णय झाला की माणसं घाई करतात. मन कधीच घरी पोहोचलेलं असतं, पाय मात्र अजून डोंगरात असतात. पट्ट्या घट्ट करा, सॅकचं वजन वाटून घ्या, पाणी भरा, आणि अंधाराच्या आत रस्त्याला लागा. शॉर्टकट नको. ज्या वाटेने आलात तीच, किंवा सकाळी गावातल्या कुणीतरी नीट सांगितलेली.

गावात पोहोचलात की पहिल्या घरी टेका. 'मामा, राजूरला जायला आता काय मिळेल?' एवढं विचारलं तरी पुढची निम्मी सोय होते. एसटी असेलच असं नाही. गावातली जीप, दुधाची किंवा मालाची गाडी, कुणाची तरी मोटारसायकल, असं काहीतरी जमतं. भाडं आधी ठरवा आणि फार घासाघीस करू नका, त्या माणसाला रिकामं परत यायचं असतं. काही गावांत एसटीची मुक्कामी गाडी येते. ती संध्याकाळी उशिरा येऊन पहाटे सुटते, त्यामुळे रात्री कुणाच्या ओसरीवर पडून पहाटे निघणं हाच पुष्कळदा सगळ्यात सोपा मार्ग असतो. राजूरहून मुंबईकरांना घोटी-कसाऱ्याची दिशा, पुणेकरांना अकोले-संगमनेरची.

आणि एक काम हमखास राहून जातं. पुढच्या गावात तुम्ही सहा जणांचं जेवण सांगितलेलं असतं. पाचनईतल्या त्या मावशींनी पीठ मळायला घेतलं असेल, तुम्ही अंधारात दिसला नाहीत तर कुणीतरी बॅटरी घेऊन शोधायला निघेल. फोन करा. फोन लागत नसेल तर कुमशेतमध्ये निरोप द्या. या गावांत नातीगोती आहेत, निरोप पोहोचतो. जेवणाचे पैसे पाठवा, पूर्ण पाठवलेत तर उत्तम. हा सगळा टापू कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. वनखात्याच्या नाक्यावर नोंद केली असेल तर तिथेही बदल कळवा. घरी ठेवलेल्या कागदावर ज्यांचा डोळा आहे त्यांना तर सगळ्यात आधी.

६. आता नवा बेत

हा भाग निघण्याआधी लिहायचा, पण चवीने. शिक्षा म्हणून नाही. वाचल्यावर 'अरे, हेही बरं होईल' असं वाटलं पाहिजे, नाहीतर खिंडीत कुणीही त्याच्याकडे वळणार नाही.

रतनवाडीला परतलात तर अमृतेश्वराचं मंदिर आणि जवळची पुष्करणी आहे. येताना आपण ते पाच मिनिटांत फोटो काढून उरकलेलं असतं; आता खांबांवरचं एकेक शिल्प बघायला अख्खी दुपार आहे. उशीर झाल्यामुळे परतला असाल आणि सगळे धडधाकट असतील, तर दुसऱ्या दिवशी बारी गावाहून कळसूबाई. १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. 'ट्रेक फसला' म्हणताना त्यावर जाऊन येणं वाईट सौदा नाही.

कुमशेतला थांबलात तर माझ्या मते सर्वांत शहाणा पर्याय असा: एक दिवसाची चाल गाळा, गाडीने पाचनईला जा, मोठ्या सॅक गावात ठेवा आणि पाणी, डबा, विजेरी घेऊन हलक्याने गड चढा. दोन-तीन तासांची वाट आहे. हरिश्चंद्रेश्वराचं देऊळ, केदारेश्वराची गुहा, संध्याकाळी कोकणकडा. वर राहता येतं की नाही, तंबू चालतो की नाही, हे नियम बदलत असतात. ते पाचनईतच विचारा. अर्थात, हा बेत वेळ कमी पडल्यावरचा. गुडघा गेलेल्यासाठी नाही.

गुडघा गेलेल्यासाठी अकोले तालुका आहे. रंधा धबधबा, अकोल्याचं सिद्धेश्वर मंदिर, टाहाकारीचं जगदंबेचं जुनं देऊळ, आणि राजूरचे पेढे. कोंभाळणे गावात राहीबाई पोपेरे यांनी उभी केलेली देशी बियाणांची बँक आहे, ज्या कामासाठी त्यांना २०२० ची पद्मश्री मिळाली. आधी विचारून, वेळ घेऊन जा; ते कुणाचं तरी घर आणि कामाची जागा आहे.

आणि शेवटचा पर्याय, जो कुणी लिहीत नाही: कुमशेतमध्येच आणखी एक दिवस राहायचं, काही न करता. नोव्हेंबरात खळ्यावर भाताची झोडणी चालू असते. डोंगरातून नुसतं पार होण्याच्या नादात ज्या गावांत आपण फक्त पाणी भरतो, तिथल्या लोकांशी पहिल्यांदा नीट बोलणं होतं. पुढच्या तीन ट्रेकच्या वाटा मला अशाच ओसरीवरच्या गप्पांतून कळल्या आहेत, कुठल्याही ॲपवर त्या नव्हत्या.

७. राहिलेलं कधी करायचं

अमेरिकेतली अ‍ॅपलाचियन ट्रेल साधारण ३,५०० किलोमीटर लांब आहे. एका दमात ती पूर्ण करायला निघालेल्यांपैकी साधारण चौघांतला एकच शेवटपर्यंत पोहोचतो. तीच वाट वर्षानुवर्षं तुकड्यातुकड्यांनी चालून पूर्ण करणारेही आहेत आणि तिथली संस्था दोघांची नोंद एकाच यादीत करते. आपल्याकडे तर यादीही नाही, त्यामुळे कुणाला हिशोब द्यायचा प्रश्नच येत नाही.

घरी आल्यावर दोन दिवसांत, आठवण ताजी आहे तोवर, लिहून ठेवा: कुठे थांबलो, किती वाजता, पाणी कुठे होतं, कुठे नव्हतं, गावात कुणी मदत केली, गाडीचे किती घेतले. ट्रेक का सोडला, तेही एका ओळीत आणि खरं खरं. ग्रुपवर मागाहून 'वेळेअभावी' असं गुळगुळीत कारण फिरतं आणि पुढच्या वर्षी तीच माणसं त्याच वजनाच्या सॅक घेऊन निघतात.

पुढच्या वेळी रतनवाडीपासून पुन्हा सुरुवात करायची काही गरज नाही. आदल्या संध्याकाळी कुमशेत गाठा, रात्री तिथेच राहा आणि उजाडताच पाचनईची वाट धरा. डिसेंबर-जानेवारीत गेलात तर ऊन सोसवतं. तरी पाण्याचं गावात विचारूनच निघा. आणि मामांसाठी राजूरहून पेढे न्यायला विसरू नका.